शेजारची लिपी शिकायची? आधी मोबाईलची सवय बदला

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मराठी घरांत हा प्रसंग नवा नाही. तालुका कचेरीतून एक कागद येतो. कागद कन्नडमध्ये असतो. घरातल्या मोठ्यांना कन्नड बोललेलं समजतं, बाजारात भावही करता येतो, पण कागद वाचता येत नाही. मग शाळेत जाणाऱ्या नातवाला हाक मारली जाते, नाहीतर कागद शेजारच्या ओळखीच्या माणसाकडे जातो. पहाणी म्हणजे महाराष्ट्रातल्या सातबाऱ्यासारखा उतारा. त्यावर नाव बरोबर चढलंय का, सर्व्हे नंबर तोच आहे का, एवढंच बघायचं असतं. पण तेवढ्यासाठीही दुसऱ्याच्या डोळ्यांवर अवलंबून राहावं लागतं.

वडोदऱ्यात हीच गोष्ट गुजरातीची, हैदराबादेत तेलुगूची. मराठीतून कागदपत्रं मिळावीत ही सीमाभागातली मागणी जुनी आहे आणि ती आपल्या जागी आहे. समोर आलेला कागद स्वतःला वाचता येणं ही वेगळी गरज आहे, आणि ती कुणाच्या निर्णयाची वाट न बघता भागवता येते.

'आता या वयात कुठं शिकायचं?' आणि 'वेळ कुठाय?' ही दोन उत्तरं ठरलेली असतात. पण त्याच घरात रात्री जेवणं झाली की प्रत्येकाच्या हातात मोबाईल असतो आणि तास कसा गेला ते कळत नाही. लिपी शिकायला लागणारा वेळ त्या तासात आहे. शिकण्याची साधनंही त्याच मोबाईलमध्ये आहेत. म्हणून मोबाईलची सवय आणि नवं कौशल्य या दोन गोष्टींचा विचार एकत्रच करावा लागतो.

मोबाईल हातातून का सुटत नाही?

'जरा मनावर ताबा ठेवा' असं सांगणं सोपं आहे. पण समोरची यंत्रणा बोट थांबू नये अशाच बेतानं बनवलेली असते. पूर्वी संकेतस्थळावर पान संपायचं, 'पुढे' असं बटण दाबावं लागायचं. त्या क्षणी माणूस थांबून विचार करायचा. २००६ मध्ये अझा रास्किन या अमेरिकी डिझायनरनं न संपणाऱ्या पानाची रचना केली. खाली सरकवत राहा, नवं येत राहतं. पुढे त्यानंच या रचनेबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली. आजचे रील्स याच तत्त्वावर चालतात.

दुसरं कारण अनिश्चिततेचं. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगांत दिसलं होतं की दाणा कधी मिळेल याचा नेम नसला की कबुतर कळीवर चोच मारत राहतं, लवकर थांबत नाही. दहा रील्समधलं एखादंच मनापासून आवडतं. पण ते कितवं असेल हे माहीत नसतं, म्हणून पुढचं बघितलं जातं.

तिसरं कारण नोटिफिकेशनचं. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्य विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना एकाग्रतेचं काम दिलं होतं. मध्येच त्यांच्या फोनवर नोटिफिकेशन यायचं. लोकांनी फोन हातात घेतला नाही, तरी कामातल्या चुका वाढल्या. 'मी बघत नाही, नुसता वाजतो' असं म्हणून चालत नाही, असा याचा अर्थ.

बघितलं म्हणजे आलं असं नाही

'तीस दिवसांत कन्नड' अशा व्हिडिओंची मोबाईलवर कमी नाही. अडचण अशी की व्हिडिओ बघताना सगळं समजल्यासारखं वाटतं. दुसऱ्या दिवशी बसचा फलक समोर आला की अक्षर आठवत नाही.

विसरण्याचा हा स्वभाव जर्मन संशोधक हर्मान एबिंगहाउस यानं १८८५ सालीच मोजला होता. त्यानं अर्थहीन अक्षरजोड्या पाठ केल्या आणि आपण किती विसरतो हे स्वतःवरच तपासलं. पाठ केलेलं सुरुवातीला फार वेगानं जातं, नंतर हा वेग कमी होतो. मधे अंतर ठेवून पुन्हा उजळणी केली तर टिकतं.

उजळणी कशी करावी, याचं उत्तर २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी संशोधकांच्या प्रयोगातून मिळालं. विद्यार्थ्यांच्या एका गटानं उतारा पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटानं एकदाच वाचला आणि नंतर न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारा गट पुढे होता. आठवड्यानं घेतली तेव्हा चित्र उलटलं. आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात सुमारे ६१ टक्के होतं, नुसतं वाचणाऱ्यांच्या सुमारे ४० टक्के.

लिपीच्या बाबतीत तर थेट पुरावा आहे. रॉबर्ट वायली आणि ब्रेंडा रॅप यांनी २०२१ मध्ये ४२ प्रौढांना अरबी अक्षरं शिकवल्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. काहींनी हातानं लिहून शिकली, काहींनी टाईप करून, काहींनी व्हिडिओ बघून. अक्षरं ओळखायला सगळेच शिकले. पण हातानं लिहिणारे लवकर शिकले, आणि त्या अक्षरांचे नवे शब्द वाचणं-लिहिणंही त्यांना जास्त चांगलं जमलं. म्हणून व्हिडिओ पाच मिनिटं पुरे. बाकीचा वेळ वही-पेन्सिलीचा.

किती जुनं, किती नवं?

मराठी माणसाला कन्नड लिपी वाटते तेवढी परकी नाही. वर्णमालेचा क्रम तोच: क ख ग घ, च छ ज झ. 'ळ' सुद्धा आहे. कन्नडमध्ये १३ स्वर, ३४ व्यंजनं, शिवाय अनुस्वार आणि विसर्ग, अशी एकूण ४९ अक्षरं आहेत. बाराखडीला कन्नडमध्ये कागुणित म्हणतात. आपली शिरोरेषा तशी तिथं अक्षराच्या डोक्यावर छोटी खूण असते, तिला तलेकट्टु म्हणतात. 'तले' म्हणजे डोकंच.

नवं आहे ते मोजकं:

१. ए आणि ओ हे स्वर ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन-दोन आहेत, आणि त्यानं अर्थ बदलतो. 'बेळे' शब्दातला पहिला ए ऱ्हस्व असेल तर पीक, दीर्घ असेल तर डाळ.

२. जोडाक्षरातलं दुसरं अक्षर पहिल्याच्या खाली, लहान आकारात लिहितात. 'जिल्ले' मधला दुसरा ल असा खाली लटकतो.

३. रफार आपल्याकडे अक्षराच्या डोक्यावर बसतो, कन्नडमध्ये अक्षराच्या पुढं येतो. 'अर्जि' वाचताना आधी र् उच्चारायचा, पण त्याची खूण ज च्या नंतर दिसते. नवशिक्याची गाडी इथंच अडते.

४. शब्दाच्या शेवटचा अ आपण गिळतो, कन्नडमध्ये तो उच्चारतात. 'ग्राम' मधला म पूर्ण.

काही अक्षरं एकमेकांसारखी दिसतात. प आणि ष, व आणि म, द आणि ध. ही वेगवेगळ्या दिवशी न शिकता शेजारी शेजारी लिहून फरक शोधावा.

सगळ्यात मोठा फायदा शब्दांचा आहे. अर्जि, कचेरि, तालूकु, जिल्ले, जमीनु, दिनांक, सहि, ग्राम. सरकारी कागदावरचे हे शब्द मराठी कानाला ओळखीचेच आहेत. अक्षरं लागली की शब्द आपोआप ओळख देतात. 'हेसरु' म्हणजे नाव आणि 'विळास' म्हणजे पत्ता, असे थोडे शब्द तेवढे नव्यानं पाठ करायचे.

तेलुगू लिपी कन्नडची जवळची नातेवाईक आहे. बरीच अक्षरं सारखी दिसतात, ऱ्हस्व-दीर्घ ए-ओ आणि खाली लिहिलेली जोडाक्षरं तिथंही आहेत. गुजराती त्याहून सोपी. बरीच अक्षरं शिरोरेषा काढलेल्या देवनागरीसारखी दिसतात. अ, क, ख, च, ज, फ, ब अशी थोडी वेगळी दिसणारी अक्षरं नीट घोटली की बाकीची लवकर येतात. गुजराती पाचाचा आकडा मात्र प सारखा दिसतो, तिथं फसायला होतं.

लग्नपत्रिकांचे तुकडे आणि तीन खोकी

उजळणी योग्य अंतरानं व्हावी म्हणून जर्मन पत्रकार सेबास्टियान लाइटनर यानं १९७२ च्या आपल्या पुस्तकात खोक्यांची पद्धत मांडली. ती घरात बिनखर्चाची करता येते. जुन्या लग्नपत्रिकांचे कोरे भाग कापून पत्त्यांएवढे तुकडे करा. एका बाजूला नवं अक्षर, मागं देवनागरी. तीन खोकी घ्या.

पहिल्या खोक्यातले तुकडे रोज काढायचे. बरोबर आलं तर तुकडा दुसऱ्या खोक्यात. दुसरं खोकं दर तिसऱ्या दिवशी, तिसरं आठवड्यातून एकदा. कुठंही चूक झाली की तुकडा परत पहिल्या खोक्यात. जे येतं त्यावर वेळ जात नाही, जे अडतं ते रोज समोर येतं.

एक दिवस अक्षर बघून उच्चार सांगायचा, दुसऱ्या दिवशी देवनागरी बघून अक्षर लिहायचं. दुसरं काम अवघड वाटेल. पण त्या अवघडपणातच शिकणं होतं, म्हणून मागची बाजू लगेच उलटून बघू नये.

हेच काम मोबाईलवर करायचं तर अंकी नावाचं ॲप आहे. अँड्रॉइडवर ते फुकट मिळतं, आयफोनवर विकत घ्यावं लागतं. पण ज्यांचा हात मोबाईल उघडला की रील्सकडं जातो, त्यांनी पहिला महिना कागदावरच काढावा.

मोबाईल आवरायचा कसा?

मोबाईल पूर्ण बंद करा, हा सल्ला आता कुणाला परवडत नाही. बँकेचा ओटीपी, बाजारभाव, मुलांच्या शाळेचा निरोप सगळं त्यावरच येतं. म्हणून पुढचे बदल एकदा बसून करून ठेवावेत.

• नोटिफिकेशन निवडा. फोन, एसएमएस, बँक सुरू ठेवा. बाकी ॲपची नोटिफिकेशन सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. व्हॉट्सॲपवरचे मोठे ग्रुप म्यूट करा. 'शुभ सकाळ' दुपारी बघितली तरी सकाळ बिघडत नाही.

• वेळेची मर्यादा घाला. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये डिजिटल वेलबीइंग आणि आयफोनमध्ये स्क्रीन टाइम ही सोय असते. आधी एक आठवडा नुसतं बघा, कोणत्या ॲपवर किती वेळ जातो. मग सगळ्यात वरच्या एकाच ॲपला मर्यादा घाला.

• रील्सचं ॲप पहिल्या पानावरून हलवा. त्या जागी नवी भाषा शिकण्याचं ॲप किंवा त्या भाषेतलं वर्तमानपत्र ठेवा. बोट सवयीनं जिथं जातं तिथं कामाची गोष्ट सापडू दे.

• अभ्यासाच्या वेळी मोबाईल दुसऱ्या खोलीत. पालथा घालून शेजारी ठेवणं पुरत नाही. वेळ बघायला भिंतीवरचं घड्याळ आहेच.

• कॅमेऱ्याचं भाषांतर शेवटी. फलकाचा फोटो काढला की भाषांतर देणारी सोय उपयोगी आहे, पण आधी स्वतः वाचायचा प्रयत्न करा, मग ताडून बघा. उलट केलं तर अक्षर कधीच बसणार नाही. आणि जमिनीच्या किंवा कर्जाच्या कागदावर यंत्राच्या भाषांतराच्या भरवशावर सही करू नये. तिथं जाणकार माणूसच हवा.

चार आठवड्यांचा बेत

रोज २५ मिनिटं पुरतात. पहिली ५ मिनिटं कालच्या अक्षरांची, न बघता. पुढची १० मिनिटं नवी तीन अक्षरं, प्रत्येक मोठ्यानं म्हणत लिहायचं. पुढची ५ मिनिटं शिकलेल्या अक्षरांचे शब्द. शेवटची ५ मिनिटं झोपण्यापूर्वी, खोक्यातले तुकडे.

पहिले दोन आठवडे: व्यंजनं. रोज तीन, आठवड्याचे सहा दिवस. दोन आठवड्यांत ३४ व्यंजनं पुरी होतात. रविवारी नवं काही नाही, फक्त उजळणी.

तिसरा आठवडा: स्वर आणि त्यांच्या खुणा. एका व्यंजनाची पूर्ण कागुणित लिहिता आली की दुसऱ्या व्यंजनावर तीच चालवून बघायची.

चौथा आठवडा: जोडाक्षरं, रफार, आकडे, आणि प्रत्यक्ष वाचन. बसचे फलक, दुकानांच्या पाट्या, घरातलं जुनं वीजबिल. दिवसाला पाच पाट्या वाचायच्या असं ठरवलं तर बाजाराची फेरीसुद्धा अभ्यास होते.

साठी ओलांडलेल्यांनी किंवा ज्यांचा कामाचा दिवस लांब आहे त्यांनी हाच बेत आठ आठवड्यांचा करावा. वेग कमी झाला तरी चालतो, रोजची उजळणी चुकवू नये.

एखादा दिवस चुकला तर?

सवय २१ दिवसांत लागते असं सगळीकडं सांगितलं जातं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांचा ९६ जणांवरचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात चित्र वेगळं होतं. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८ पुरले, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. आणि एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडलं नाही.

गावची जत्रा, लग्नसराई, ऊसतोडीचे दिवस, यात खंड पडणारच. खंड पडला म्हणून वही बंद करू नये. दुसऱ्या दिवशी नवी अक्षरं न घेता फक्त पहिलं खोकं काढावं.

अभ्यासाची वेळ घड्याळापेक्षा रोजच्या एखाद्या कामाला बांधलेली बरी. 'रोज संध्याकाळी करीन' हे राहून जातं. 'चहाचा कप विसळला की वही उघडायची' हे टिकतं.

घरातली शाळा

सीमाभागातल्या मराठी शाळांतली मुलं कन्नड शिकतात. आजोबांना अक्षरं शिकवायचं काम नातवाकडं द्यावं. मुलाचीही उजळणी होते, आणि दोघांचे मोबाईल अर्धा तास बाजूला राहतात. आजोबांनी बदल्यात बोलीतल्या म्हणी सांगाव्यात. मुलांना 'मोबाईल ठेव' असं सांगताना मोठ्यांच्या हातात मोबाईल असला, तर ते सांगणं वाया जातं.

लिपी तीच असेल तिथं

गोव्यात राजभाषा कोंकणी देवनागरीतच आहे. इंदूर-ग्वाल्हेरच्या मराठी घरांना हिंदीमुळं नवी लिपी लागत नाही. पण त्याच घरांतल्या पेटाऱ्यात पणजोबांच्या हातचे मोडीतले कागद असू शकतात. होळकर, शिंदे आणि गायकवाड यांच्या दप्तरांत मोडी होती, घरोघरच्या व्यवहारातही होती. ते कागद वाचायचे तर हीच पद्धत चालते: रोज तीन अक्षरं, हातानं लिहून, न बघता आठवून.

सवयीच्या पलीकडे गेलं तर

मोबाईलमुळं झोप, अभ्यास, काम किंवा घरातली बोलाचाली बिघडत असेल, आणि ठरवूनही वापर कमी होत नसेल, तर मदत घ्यायला लाजू नये. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत २०१४ पासून तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी वेगळा दवाखाना चालतो. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा २०२२ मध्ये सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर फुकट बोलता येतं, अनेक भारतीय भाषांत.

बाकीच्यांनी आज रात्रीपासून सुरुवात करावी. जेवण झालं की मोबाईल आतल्या खोलीत चार्जिंगला, समोर वही, आणि पहिली तीन अक्षरं. पुढच्या वेळी कचेरीतून कागद आला की आधी डाव्या कोपऱ्यातला शब्द स्वतः वाचून बघावा. 'हेसरु' दिसलं, त्यापुढं आपलं नाव दिसलं आणि त्यातली चूकही आपल्यालाच सापडली, तर महिन्याची मेहनत वसूल झाली म्हणायची.